दार लावून घातलेलं लोणचं

मानोजीअण्णा हातात पिशवी धरत नसत. भाजी आणायला स्कूटरवरून जात, आणलेलं सगळं डिकीत कोंबत आणि फाटकाच्या आत येईपर्यंत डिकी उघडत नसत. एकदा फणस डिकीत मावेना, तर त्यांनी त्याला एकट्याला रिक्षात बसवून दिलं आणि आपण मागून स्कूटरनं आले. मानोजीराव फणस घेऊन चाललेत, असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी.

आम्ही त्यांचे भाडेकरू. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी सांगलीहून बेंगळुरात आले. माझा नवरा सुधीर तिथं एका कॉम्प्युटर कंपनीत नुकताच लागला होता आणि कोरमंगल्यात आम्हाला अण्णांच्या घराचा वरचा मजला मिळाला होता. तेव्हा कोरमंगल्यात घरं कमी आणि गवत माजलेल्या मोकळ्या जागाच जास्त. खाली अण्णा आणि त्यांची बायको गिरिजाक्का, दोघंच. मुलगी लग्न होऊन म्हैसूरला. घराणं मूळचं जुन्या शहरातल्या चिकपेटेतलं; पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलत, पण ती आमच्या कानाला वेगळी लागे. "ऊटा झालं काय?" असं गिरिजाक्कांनी पहिल्याच दिवशी जिन्याखालून विचारलं, तेव्हा ऊटा म्हणजे जेवण हे मला सुधीरनं सांगितलं. बायकाही तिथं 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणत. मला ते फार गोड वाटायचं. सगळ्यांना वाटत नसे, हे पुढं कळलं.

अण्णा उंचेपुरे, मिशा भरघोस, पहाटे अंगणात जोर-बैठका. एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नव्हती. दुधाची पिशवी, पेपरची घडी, आमच्या नळाची नवी तोटी, जे दिसेल ते हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." सुधीरनं हौसेनं आणलेल्या टेबलफॅनलाही त्यांनी खोक्यातून निघायच्या आधीच रिजेक्ट केलं होतं. कानडीतला होकाराचा 'सरी' ते दोन तऱ्हांनी म्हणत. लांबवून म्हटला की पसंत, तुटक म्हटला की विषय संपला. गल्लीतले भाजीवाले त्यांच्याशी हुज्जत घालत नसत. पोरं त्यांच्या फाटकात गेलेला चेंडू मागायला येत नसत.

आणि त्या घरातली लोणची! राहायला आल्याच्या संध्याकाळी गिरिजाक्का एक वाटी घेऊन वर आल्या. देठासकट अख्ख्या, बोराएवढ्या कोवळ्या कैऱ्या, सुरकुतलेल्या, लालभडक रसात बुडालेल्या. दाताखाली कुडकन वाजायच्या. त्यांना तिकडं मिडी म्हणतात. मग आवळ्याचं आलं, लिंबाच्या रसातल्या हिरव्या मिरीच्या घोसांचं आलं, हेरळेकायी नावाच्या मोठ्या जाड सालीच्या लिंबाचं आलं. मी सांगलीला आईला पत्र लिहिलं, की इथं आपल्या लोणच्याची फार आठवण येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. आई थोडी रागावलीच.

"अक्का, तुमच्या हाताला काय चव आहे हो," मी म्हणायची. अक्का हसून मान खाली घालत आणि म्हणत, "घरचं आहे की." मला तो विनय वाटे.

खरं काय ते एका रविवारी दुपारी कळलं. अक्कांची वाटी परत द्यायला मी खाली गेले. पुढचं दार आतून बंद, खिडक्याही लावलेल्या, आणि त्या उन्हाळ्यात आतून मेथी तळल्याचा आणि हिंगाचा खमंग वास येत होता. मी वळसा घालून मागच्या दाराशी गेले. ते नुसतं लोटलेलं होतं. ढकललं तर समोर अण्णा. उघडेबंब, कमरेला पंचा, तोंडाला फडकं बांधलेलं, मांडीशी विळी आणि भोवती धुतलेल्या धोतरावर कैऱ्यांच्या फोडींचा ढीग. अक्का एका कोपऱ्यात बसून नुसता पंख्यानं वारा घालत होत्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडावरचं फडकं काढायचंही त्यांना सुचलं नाही. एवढा मोठा माणूस, पण कुणी चोरी करताना धरावं तसा त्यांचा चेहरा झाला. मी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि वर पळाले.

संध्याकाळी अक्का वर आल्या. माझे हात धरून म्हणाल्या, "वसू, तू काही बघितलं नाहीस. सरी?"

"पण अक्का, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मग त्यांनी सांगितलं. अण्णांच्या आईचे हात संधिवातानं वाकडे झाले होते. घरात मुलगी नव्हती, आणि वडिलांना पानात लोणचं नसलं की ते ताट भिरकावत. आई खाटेवरून सांगायची आणि थोरला मुलगा, म्हणजे अण्णाच, दार लावून लोणचं घालायचा. पुढं तालमीत कुस्तीच्या जोडीदाराला अण्णांच्या हातांना मोहरीचा वास आला. सगळ्या तालमीनं त्यांचं नाव 'उप्पिनकायी अक्का' ठेवलं. उप्पिनकायी म्हणजे लोणचं, अक्का म्हणजे थोरली बहीण. अण्णांनी एकाचा दात पाडला आणि तालीम सोडली. जोर-बैठका तेवढ्या घरी चालू ठेवल्या. आई गेली, अक्का घरात आल्या, पण तोवर दुसऱ्या कुणी घातलेलं लोणचं अण्णांच्या घशाखाली उतरेनासं झालं होतं. "मला हात लावू देत नाहीत," अक्का म्हणाल्या. "पण नाव माझं सांगतात. सगळ्यांना तेच सांगतात."

त्यानंतर कित्येक दिवस अण्णा मला जिन्यात दिसले की वहाणा शोधायला लागत. हळूहळू त्यांना विश्वास आला की मी कुठं बोलत नाही. एकदा त्यांनी माकळी नावाच्या रानवेलीच्या मुळांचं लोणचं घातलं. ताकात मुरवतात ते. चव अप्रतिम, पण वास असा की न खाणाऱ्याला ढेकणांचीच आठवण यावी. समोरच्या घरातले गृहस्थ नाक धरून विचारायला आले. अण्णांनी फाटकातच त्यांना अडवलं आणि करड्या आवाजात सांगितलं, "गादीला औषध मारलंय." गृहस्थ म्हणाले, "मला पण नाव द्या औषधाचं, आमच्याकडं फार झालेत." अण्णांनी फाटकाची कडी लावून टाकली. म्हणाले, "मिळत नाही आता. बंद झालं." मी वरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते. त्यांनी वर पाहिलं, माझ्या तोंडात धरलेला पदर पाहिला, आणि त्यांच्या मिशा हलल्या. अण्णांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

आमच्या भागात एक मराठी मंडळ होतं. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली कुटुंबं त्यात जास्त. सेक्रेटरी मालतीबाई, चटपटीत, प्रेमळ आणि फार बोलणाऱ्या. अक्कांना मंडळाचं मोठं अप्रूप. चिकपेटेतली त्यांची भावकी विखुरली होती आणि मराठी बोलायला माणूस राहिलं नव्हतं. एका हळदीकुंकवाला मी त्यांना घेऊन गेले. काठापदराची साडी नेसून, वेणी माळून अक्का आल्या. सहलीचं ठरत होतं. अक्का उत्साहानं म्हणाल्या, "मी पण येतो की."

मागून कुणीतरी खुसखुसलं. एकजण म्हणाली, "येतो? या या, येतो काका!" आणि हशा झाला. दुष्टपणा नव्हता त्यात फारसा. पण अक्कांनी हातातलं पेढ्याचं ताट पुढं न फिरवता तिथंच ठेवून दिलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं मराठी रिजेक्ट."

त्या उन्हाळ्यात मंडळानं लोणच्यांची स्पर्धा ठेवली आणि अक्कांनी मला न सांगता, अण्णांना न सांगता मिडीची एक छोटी बरणी नेऊन दिली. पहिला नंबर आला. चांदीची वाटी मिळाली. हळदीकुंकवाला हसलेल्या बायकांनी अक्कांभोवती गराडा घातला, आणि मालतीबाईंनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्यात हॉलमध्ये गिरिजाबाई आपल्याला लोणचं घालून दाखवणार.

त्या संध्याकाळी खालून अण्णांचा आवाज वरपर्यंत आला. "कशाला दिलीस? कुणी सांगितलं होतं?"

मग अक्का म्हणाल्या, "एकदा तरी त्यांनी मला बरं म्हणावं वाटलं."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मिडीचा मोसम सरला होता, म्हणून साधं कैरीच्या फोडींचं लोणचं करायचं ठरलं. दार लावून अण्णा सांगत आणि अक्का करत. "मोहरी जळली. रिजेक्ट. हात ओला आहे. रिजेक्ट. फोडणी गार होऊ दे, गार! किती वेळा सांगायचं?" कारखान्यातल्या नव्या कामगाराला झापावं तसे ते झापत. अक्का वर येऊन माझ्यापाशी रडत आणि डोळे पुसून पुन्हा खाली जात. "नको म्हणून सांगा मालतीबाईंना," मी म्हणाले. "मी सांगतो म्हटलं तर हे नको म्हणतात," अक्का म्हणाल्या. "लोक काय म्हणतील म्हणतात. जमेल म्हणतात."

हॉल भरला होता. बायका खुर्च्यांवर, त्यांना सोडायला आलेले नवरे मागं भिंतीशी आणि दारात. अण्णा दारात उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून. स्टेजवर शेगडी, परात, कैऱ्या, सगळं मांडलेलं. मालतीबाई माइक धरून शेजारी. सुरुवात ठीक झाली. अक्कांनी फोडी केल्या, मीठ-हळद लावली. मग तेल तापलं, मोहरी टाकली, धूर झाला, समोरून कुणी तरी "जळतंय, जळतंय" म्हणालं. अक्का गडबडल्या. त्यांनी कढई उचलली आणि ती सगळी उकळती फोडणी फोडींवर ओतून टाकली. चर्र आवाज झाला. साऱ्या हॉलनं 'अरेरे' केलं.

"गिरिजाबाई, फोडणी गार करून घालत नाहीत का तुमच्याकडे?" मालतीबाईंनी खरंच न कळून विचारलं आणि माइक अक्कांपुढं धरला.

अक्कांनी दाराकडं पाहिलं. त्या पाहतायत म्हणून पुढच्या बायकांनी माना वळवल्या, मग मागच्यांनी, आणि सगळा हॉल अण्णांकडं बघायला लागला. अण्णांच्या हाताची घडी सुटली. एक पाय किंचित पुढं आला असं मला वाटलं. मग ते वळले आणि बाहेर निघून गेले.

मी स्टेजवर गेले, गॅस बंद केला आणि अक्कांना चक्कर येतेय असं सांगून खाली आणलं. बाहेर आलो तर स्कूटर नव्हती. रिक्षात अक्का काचेच्या बांगड्या मागं-पुढं करत राहिल्या. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांना काही काम आठवलं असेल."

बक्षिसाचं लोणचं बाजारातून आणलेलं होतं, अशी कुजबूज मंडळात झाली. पुढच्या कार्यक्रमात मालतीबाईंनी नाव न घेता सांगितलं, की स्पर्धेत पदार्थ स्वतः केलेलाच असावा, आपापसात तरी प्रामाणिकपणा हवा. अक्कांनी चांदीची वाटी माझ्या हाती परत पाठवली. त्या मंडळात पुन्हा गेल्या नाहीत. घरात त्यांनी आदळआपट केली नाही, की एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. स्वयंपाक वेळेवर, पाणी वेळेवर. अण्णांशी लागेल तेवढंच बोलणं.

अण्णांनी रिजेक्ट म्हणणं सोडलं. फाटलेली दुधाची पिशवी आली तरी निमूट आत नेऊन ठेवत. पानातलं लोणचं बाजूला सारून उठतात, असं अक्कांनीच सांगितलं. पहाटेचे जोर ऐकू येईनासे झाले.

एका संध्याकाळी ते जिना चढून आमच्या दारात आले. यापूर्वी कधी आले नव्हते. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"तुमच्याजवळ ती माझ्याबद्दल काही बोलली काय?"

"नाही, अण्णा."

"मलाही काही म्हटली नाही. म्हटली असती तर बरं झालं असतं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "मी घाबरलो हो, वसुधाबाई. एवढी माणसं वळून बघायला लागली, आणि मला ती तालमीतली पोरं दिसायला लागली. या वयात." मग म्हणाले, "त्या मालतीबाईंचं घर मला दाखवा."

आम्ही गेलो तेव्हा मालतीबाईंकडं पाहुणे होते. मला वाटलं अण्णा परत फिरतील. ते फिरले नाहीत. बसा म्हटलं तर बसले नाहीत. सगळ्यांसमोर, साहेबापुढं उभं राहावं तसं ताठ उभं राहून म्हणाले, "ते लोणचं बाजारचं नव्हतं. मी घातलेलं होतं. आमच्या घरात मीच घालतो. तिचा दोष नाही."

मालतीबाईंचे डोळे कौतुकानं भरून आले. "अहो अण्णा! बायकोसाठी किती करता तुम्ही! ऐकताय का हो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शिका काहीतरी."

"खोटं नाही सांगत मी," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मिडी देठासकट घ्यायची. चीक जाऊ द्यायचा नाही. मिठात घालून सुरकुत्या पडेपर्यंत..."

"बघा, पाठसुद्धा करून आलेत!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे मोकळेपणानं हसले. मालतीबाईंच्या नवऱ्यानं अण्णांच्या पाठीवर थाप मारली. आम्हाला सरबत मिळालं. मीही सांगून बघितलं, की खरंच हेच करतात, मी पाहिलंय. तर मलाही समजूतदारपणाचं श्रेय मिळालं.

परतताना अण्णा गल्लीच्या तोंडाशी थांबले. "खरं सांगितलं, तर मोठा माणूस करून टाकलं मला," ते म्हणाले. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवेना.

पुढच्या उन्हाळ्यात कैऱ्या आल्या, त्या पिशवीतून आल्या. दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन अण्णा चौकापासून चालत आले. आणि लोणचं घालायला बसले ते पुढच्या व्हरांड्यात, रस्त्यावरून दिसेल असे. पहिल्या दिवशी रस्त्याकडं पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी तोंड वळवून बसले. कारखान्यातला एक जुना सोबती स्कूटरवरून चालला होता. तो थांबला आणि कानडीत ओरडला, "काय अण्णा, घरात बाईमाणूस नाही काय?"

विळीवरचा हात थांबला. "आहे," अण्णा म्हणाले. "लोणचं मी घालतो." तो हसत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आणखी दोन स्कूटरी फाटकाशी रेंगाळल्या. अण्णा मान वर न करता फोडी करत राहिले. कानांच्या पाळ्या मात्र वरच्या खिडकीतूनही लाल दिसत होत्या.

मला वाटलं अक्कांना आता बरं वाटेल. त्या दिवसांत एकदाही त्या व्हरांड्यात आल्या नाहीत. मी विषय काढला, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आता सगळी गल्ली बघते. बघू दे की. त्या दिवशी एक पाऊल पुढं आले असते तर मी जन्मभर वारा घालत बसलो असतो."

त्याच मे महिन्यात सुधीरला पुण्याला नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. सकाळी टेम्पो भरला. मालतीबाई मला निरोप द्यायला आल्या आणि फाटकातच खिळल्या. व्हरांड्यापुढच्या अंगणात अण्णा बसले होते. पुढ्यात धोतर पसरलेलं, त्यावर मीठ-हळद लावलेल्या फोडी उन्हात टाकलेल्या, आणि अण्णा एकेक फोड उलटवत होते. ज्या सराईतपणे त्यांची बोटं फिरत होती, तो पाठ करून येण्यातला नव्हता. मालतीबाईंना ते कळलं. मी त्यांना पहिल्यांदाच गप्प पाहत होते.

"अण्णा," त्या शेवटी म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही..."

अण्णा उठून उभे राहिले. घराकडं तोंड करून हाक मारली, "गिरिजा, बाहेर ये."

अक्का दारात आल्या.

"त्या दिवशी हॉलच्या दारात मी उभा होतो," अण्णा मालतीबाईंना म्हणाले, पण बघत होते अक्कांकडं. "मला सगळं येत होतं. हिनं माझ्याकडं बघितलं, आणि हिला तिथं टाकून मी पळून आलो. हे तुम्हाला मागंच सांगायला आलो होतो. पण हिच्यासमोर सांगायचं राहिलं होतं."

मालतीबाई खाली बघत होत्या. "गिरिजाबाई, मी भर सभेत बोलले..." अक्कांनी त्यांना थांबवलं नाही आणि मदतही केली नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी अक्कांच्या आणि अण्णांच्या पाया पडले. अण्णांनी हात मिठाचे आहेत म्हणून ते नुसतेच माझ्या डोक्याच्या वर धरले. टेम्पो सुरू झाला तेव्हा आकाश एकाएकी भरून आलं होतं आणि टपोरे थेंब पडायला लागले होते. मालतीबाई अजून फाटकात तशाच उभ्या होत्या. अण्णा घाईघाईनं खाली वाकले, धोतराची दोन टोकं त्यांनी उचलली, पण फोडी दुसऱ्या बाजूनं घरंगळायला लागल्या. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं धावत होते. आम्ही कोपऱ्यावर वळता वळता मला दिसलं, की अक्कांनी पदर खोचला, त्या पायरी उतरून खाली आल्या, आणि धोतराची पलीकडची दोन टोकं त्यांनी हातात घेतली.